अकरा नंबरचा वॉर्ड वगळून

अत्तार मॅडमनी एक ओळ टाईप केली, बटण दाबलं आणि प्रिंटर जो सुरू झाला तो थांबेचना.

"भाऊसाहेब, काहीतरी अडकलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"अडकल्यावर तो थांबतो, मॅडम. हा चाललाय."

"तेच तर म्हणते. आपल्याकडे एवढा वेळ सलग काही चालत नाही."

कागदाची पट्टी टेबलावरून खाली उतरली, माझ्या चपलांवरून गेली आणि दाराकडे निघाली. सोमवारची सकाळ होती, साल दोन हजार चार. नसीमा अत्तार या आमच्या नगरपरिषदेच्या तक्रार खिडकीवरच्या लिपिक, आणि मी संगणक कक्षाचा प्रमुख. कक्षात मी एकटाच असल्यामुळे प्रमुख होणं मला टाळता आलं नव्हतं. नगरपरिषदेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक म्हणतील, आमच्याकडे असं काही घडलंच नाही. न सांगितलं तर पाच-पंचवीस गावं म्हणतील, हे आमच्याकडचंच.

मॅडमनी संगणकाला विचारलेला प्रश्न साधा होता. पाण्याच्या कोणकोणत्या तक्रारी पडून आहेत, वॉर्डवार सांग. गुरुवारी सर्वसाधारण सभा होती. एका वॉर्डापुरती नवी जलवाहिनी मंजूर होऊन आली होती, आणि ज्या वॉर्डाच्या तक्रारी सर्वांत जास्त त्याला ती द्यायची असं ठरलं होतं. तो वॉर्ड तीन असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. वॉर्ड तीनमध्ये आमचे मुख्याधिकारी ठोसर साहेब राहत. तिथे बंगले होते, बंगल्यांना बागा होत्या आणि बागांना पाणी पुरत नव्हतं. तक्रारी अडतीस, सगळ्या टाईप केलेल्या, सोबत नकाशे.

पण तीनचं पान केव्हाच छापून झालं होतं. प्रिंटर छापत होता तो वॉर्ड अकरा.

मॅडमनी पट्टीचं टोक उचललं. वाचता वाचता त्यांच्या भुवया चष्म्याच्या वर निघून गेल्या.

"भाऊसाहेब, हे ऐका. 'नळाला पाण्याऐवजी ताक येते. तक्रार नाही, फक्त मीठ कमी आहे.'"

"असं लिहिलंय?"

"पुढचं ऐका. 'नळ उघडला की नगराध्यक्षांचे भाषण ऐकू येते. बंद केला तरी थांबत नाही.' आणि हे, 'आमच्याकडे पाणी वेळेवर येते. कृपया चौकशी व्हावी.' अल्ला! हे कोणी लिहिलं असेल?"

"समाजात विकृती फार वाढली आहे," मी म्हणालो.

"सत्त्याण्णव सालचं आहे."

"तेव्हापासूनच वाढायला लागली होती."

अशा सात होत्या. आठवीपासून मात्र मॅडमचा आवाज बदलला. 'खाणीवरची वस्ती. सार्वजनिक तोटी. पाणी नाही.' नववी तशीच. दहावी तशीच. साल बदलत होतं, वाक्य बदलत नव्हतं.

"या तर मी घेतलेल्या तक्रारी," त्या म्हणाल्या. "मीच टाईप केल्यात. पण दर महिन्याच्या अहवालात अकराला शून्य असतं. मला वाटायचं, निकाली निघत असतील. दर सोमवारी यल्लूबाई येते, अधूनमधून वस्तीतली आणखी कोणी येते, मी तक्रार लिहून घेते, नळ दुरुस्त होतो, पुन्हा बिघडतो, पुन्हा ती येते. असंच समजत होते मी."

त्याच वेळी खिडकीच्या जाळीवर बोटं वाजली. सोमवार बाजारचा दिवस. पलीकडे यल्लूबाई धोत्रे उभ्या होत्या. साठीच्या, दगड फोडून फोडून मनगटं पुरुषासारखी झालेली, डोक्यावर रिकामी पाटी.

"बाई, माजी तक्रार वर गेली का?"

मॅडमनी नेहमीसारखं 'गेली' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"लिवा की," यल्लूबाई म्हणाल्या. "तोटी हाय, पानी न्हाई. आज काय नवं सांगू व्हय?"

मॅडमनी टाईप केलं. माझ्याकडे न बघता. चारशे बारावी.

*

खाणीवरची वस्ती दगडफोड्या लोकांची. अठ्ठ्याण्णव साली हद्दवाढ झाली तेव्हा ती गावात आली आणि वॉर्ड अकरा झाली. चाळीस घरं, एक तोटी. आल्या वर्षापासून तिथून एकही तक्रार नाही, असं आमचे अहवाल सांगत. त्याबद्दल आम्ही तिला 'आदर्श वॉर्ड' म्हणून तीनदा प्रमाणपत्रही दिलं. ते घ्यायला नगरसेवक लोंढे येत. लोंढे खाणीचे मालक; वस्तीत ते राहत नसत, पण प्रमाणपत्रं काच लावून खाणीच्या ऑफिसात टांगत.

आता तुम्ही म्हणाल, प्लंबर तरी कधी गेला नसेल का? प्लंबरला रोज सकाळी यादी छापून मिळे आणि तो यादीप्रमाणे जाई. यादीत नसलेला नळ नगरपरिषदेत गळत नाही, आणि कोरडाही पडत नाही.

यादी संगणकातून निघे. संगणकातल्या साठवणीला काही विचारायचं तर त्याला क्वेरी म्हणतात. क्वेरी म्हणजे प्रश्न, पण सरकारी अर्जासारखा. 'अमुक रकान्यातून, तमुक तक्ता जोडून, अशी अट, तशी अट' असा आमचा एकेक प्रश्न चौदा ओळींचा होता. नवा अहवाल हवा असला की जुना उचलायचा, डोक्यावरचं शीर्षक बदलायचं, तळाला हवी ती अट चिकटवायची. मधल्या ओळी कोणी वाचत नसे. सत्यनारायणाच्या पोथीतले मधले अध्याय कोण लक्ष देऊन ऐकतं? प्रसाद मिळाल्याशी कारण. अशा रीतीने सात वर्षांत आमच्याकडे त्रेसष्ट अहवाल झाले होते आणि प्रत्येकाच्या पोटात त्याच चौदा ओळी.

खिडकीवर कोणी काही वेगळं विचारलं तर अत्तार मॅडम मला लेखी मागणी करत, मी आठ दिवसांनी अहवाल देत असे. शेवटी एकदा त्या भडकल्या.

"एवढंसं विचारायला आठ दिवस? माझ्या सासूला विचारलं तर ती लगेच सांगते. न विचारलेलंही सांगते."

हे मला लागलं. महिनाभर बसून मी त्या चौदा ओळींची एक छोटी लायब्ररी केली. म्हणजे पुस्तकांची नव्हे. प्रोग्रामचे लहान लहान तुकडे, एकदाच लिहून एका जागी ठेवलेले. एक तुकडा वॉर्ड सांगणारा, एक तारीख सांगणारा, एक मोजणारा. त्यांना हाक मारली की चौदा ओळी ते आपापसांत बघून घेत. विचारणाऱ्याने इंग्रजी अक्षरांत मराठीच लिहायचं, 'तक्रारी पाणी पडून वॉर्डवार', झालं काम. मी तिला पळी म्हणत असे. हंडा केवढाही असो, आपल्याला लागतं तेवढंच काढायचं.

आणि इथेच सगळं फिसकटलं. त्रेसष्टांतला एखादा अहवाल उचलून त्याची पळी केली असती तर काहीच झालं नसतं. मी त्या चौदा ओळी नव्याने, डोक्यातून लिहिल्या. आठवतील तेवढ्या. तेराच आठवल्या.

सोमवारी दुपारी मी जुना प्रोग्राम उघडून चौदावी शोधली. नववी ओळ होती ती. 'वॉर्ड अकरा सोडून.' एवढीच. त्रेसष्टही अहवालांत, जिथल्या तिथे, आज्ञाधारकपणे. सर्वांत जुन्या अहवालात तिच्या डोक्यावर तारीख आणि लिहिणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं होती. मी ती वाचली आणि फाईल बंद केली. मग कँटीनमध्ये जाऊन चहा मागवला आणि तो निवेपर्यंत बघत बसलो.

*

मंगळवारी ठोसर साहेबांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर मॅडमनी पाठवलेली नवी यादी होती.

"खांबेटे, हे काय आहे?"

"यादी, साहेब."

"हे मला दिसतंय. अकरा कुठून आला?"

"अठ्ठ्याण्णव साली हद्दवाढीतून, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. ते रागावले की चष्मा काढत, म्हणजे समोरचा माणूस अंधुक दिसे आणि रागावणं सोपं जाई.

"गेल्या महिन्यापर्यंत नव्हता."

"होता, साहेब. छापला जात नव्हता. जुन्या प्रोग्राममध्ये एक ओळ होती, अकरा वगळणारी. नव्यात ती नाही."

"मग घाला."

"कुठे?"

"जिथे होती तिथे! गुरुवारी सभा आहे. ऐन वेळी चारशे तक्रारींचं बाड कोणी काढलं तर सहा वर्षांचा जाब मी द्यायचा? मी इथे येऊन दोन वर्षं झाली. सभा होऊ दे, ठराव होऊ दे, मग काढा ती ओळ आणि बसा सावकाश अकराचे नळ मोजत."

"पूर्वी ती त्रेसष्ट ठिकाणी घालावी लागे," मी म्हणालो. "आता सगळे अहवाल एकाच पळीतून निघतात. एका ठिकाणी घातली की सगळीकडे लागू होते."

"म्हणजे सोपं झालं."

"हो साहेब. सोपं व्हावं म्हणूनच केलं होतं."

हे माझ्या तोंडून गेलं आणि माझं मलाच कसंसं झालं. महिनाभर खपून मी एक चांगली गोष्ट केली होती, आणि तिचा पहिला उपयोग चाळीस घरं एका फटक्यात पुसून टाकण्यासाठी होणार होता. जुन्या पद्धतीत निदान बोटं तरी दुखली असती.

"उद्या सकाळपर्यंत," साहेब म्हणाले.

बुधवारी सकाळी मी काही केलेलं नव्हतं. अकरा वाजता साहेब स्वतः संगणक कक्षात आले. मुख्याधिकारी आपल्या पायांनी कक्षात यावेत ही गोष्ट सात वर्षांत घडली नव्हती. मी खुर्ची पुसली. त्यांनी दार लोटलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. जुन्या प्रोग्रामचं पान होतं. ते त्यांनी कोणाकडून काढून घेतलं हे मी विचारलं नाही.

"या ओळीच्या डोक्यावर 'ना. खां.' असं आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "हे ना. खां. कोण?"

"नारायण खांबेटे."

"कुठे असतात?"

"आपल्यासमोर."

तर ती ओळ माझी होती. सत्त्याण्णव साली गावाला दहाच वॉर्ड होते. प्रोग्राम चालतो का हे बघायला सरावाच्या तक्रारी टाकाव्या लागतात. त्या खऱ्यांत मिसळू नयेत म्हणून मी नसलेला एक वॉर्ड घेतला, अकरा नंबरचा, आणि सात तक्रारी लिहिल्या. तेव्हा मी तरुण होतो आणि मला वाटे की मी विनोदी आहे. अहवालात त्या येऊ नयेत म्हणून 'वॉर्ड अकरा सोडून' अशी ओळ घातली. काम झाल्यावर सात तक्रारी आणि ती ओळ दोन्ही काढायचं ठरवलं होतं. राहून गेलं. पुढच्या वर्षी हद्दवाढ झाली, नसलेला वॉर्ड असलेला झाला, तिथे खरी माणसं आली, आणि मी त्यांना माझ्या ताकाबरोबर खड्ड्यात ठेवून दिलं.

"खांबेटे," साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी काही कोणाचं वाईट करणारा माणूस नाही. उद्या सभेपुरती ओळ घाला. हा कागद मी बघितलेला नाही. नाहीतर चौकशी लागेल, आणि तिच्यात नाव माझं येणार नाही, ना. खां. चं येईल. घरी विचारा पाहिजे तर."

घरी मी विचारलं नाही. घरी काय उत्तर येईल हे मला ठाऊक होतं आणि ते बरोबर होतं. म्हणून विचारलं नाही.

संध्याकाळी अत्तार मॅडम पर्स आवरत होत्या. मी म्हणालो, "उद्या सभेत संगणक घेऊन जायचाय. तुम्ही चला टाईप करायला."

"आणि तुम्ही?"

"मला कदाचित उभं राहावं लागेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ओळ घातलीत?"

"नाही."

"घालणार?"

"बोट दुखतंय."

"मग यल्लूबाईंना निरोप धाडते," त्या म्हणाल्या. "सभा सगळ्यांना खुली असते म्हणे. कोणी येत नाही म्हणून लोकांना वाटतं बंद असते."

*

गुरुवारी सभागृहात ठोसर साहेबांनी जुनीच यादी वाचली. माझ्या पळीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. जुना अहवाल त्यांनी कोणाकडून तरी काढून घेतला होता. वॉर्ड तीन, अडतीस. वॉर्ड सात, बावीस. शेवटी वॉर्ड अकरा, निरंक. लोंढ्यांनी निरंकला मान डोलावली.

अध्यक्षस्थानी नगराध्यक्ष रुपनवर आण्णा होते. झोपल्यासारखे दिसत, पण ती त्यांची ऐकण्याची पद्धत होती.

"नवी जलवाहिनी वॉर्ड तीनला. कोणाचा विरोध?"

प्रेक्षकांच्या बाकावर यल्लूबाई आणि वस्तीतल्या चार बायका बसल्या होत्या. यल्लूबाई उठल्या. "आमचा हाय!"

"बाई, प्रेक्षकांना बोलायची परवानगी नाही," ठोसर साहेब म्हणाले. "आणि तुमच्या वॉर्डाची एकही तक्रार नाही."

"एक न्हाई? दर सोमवारी येतीया मी! ह्या बाईला इचारा!"

अत्तार मॅडम संगणकामागून म्हणाल्या, "येतात. मी लिहून घेते. सगळ्या आहेत इथे."

साहेब यासाठीही तयार होते. त्यांनी मॅडमची सोमवारची यादी वर धरली. "अध्यक्ष महोदय, अकराच्या नोंदी आहेत, पण कशा, ते सभागृहाने ऐकावं." आणि त्यांनी वाचलं, "'नळाला पाण्याऐवजी ताक येते. तक्रार नाही, फक्त मीठ कमी आहे.'"

सभागृह हसलं. लोंढे सर्वांत मोठ्याने हसले.

"'नळ उघडला की नगराध्यक्षांचे भाषण ऐकू येते...'"

आता आण्णा सोडून सगळे हसले.

"हे सगळं थट्टेचं बाड आहे," साहेब म्हणाले. "कोणीतरी टवाळाने भरलेलं. यावर जलवाहिनी द्यायची?"

यल्लूबाई हसणाऱ्या तोंडांकडे एकेक करून बघत होत्या. त्यांना वाटलं असावं, आपण सहा वर्षं जे सांगितलं ते इथे असं लिहून घेतलं.

मी उभा राहिलो.

"ताकाची तक्रार माझी आहे."

हसू अर्धवट राहिलं. आण्णांनी डोळे उघडले. "तुम्हाला ताक आलं, खांबेटे?"

"नाही आण्णा. मला विनोद आला."

"खाली बसा," ठोसर साहेब म्हणाले. "कर्मचाऱ्याला सभागृहात बोलायचा अधिकार नाही."

"म्हणूनच उभा आहे, साहेब. बसून बोललो तर सवय लागायची." मी टेबल धरलं. "त्या सात नोंदी मी सत्त्याण्णव साली सरावासाठी टाकल्या. तेव्हा अकरा नंबर रिकामा होता. त्या लपाव्यात म्हणून अकरा वगळणारी ओळ मी लिहिली आणि काढायची विसरलो. ती त्रेसष्ट अहवालांत गेली. तिच्या डोक्यावर आद्याक्षरं माझी आहेत. साहेबांच्या खिशात कागद आहे, त्यांनी तो बघितलेला नाही."

साहेबांचा हात नकळत खिशावर गेला. तो सगळ्यांनी बघितला.

"सात माझ्या," मी म्हणालो. "उरलेल्या चारशे बारा त्यांच्या."

"चारशे बारा!" लोंढे उठले. "कशावरून? जो माणूस सात खोट्या भरतो तो चारशे भरू शकत नाही?"

प्रश्न बिनतोड होता. मी त्यांच्या जागी असतो तर हाच विचारला असता. मी अत्तार मॅडमकडे बघितलं, मॅडमनी यल्लूबाईंकडे.

"यल्लूबाई," मॅडम म्हणाल्या, "एखादी तक्रार आठवते? कधीचीही. दिवस सांगा. काय सांगितलं होतंत तेही सांगा. मी मशीनला नंतर विचारते."

"समद्या सारख्याच की वो बाई. तोटी हाय, पानी न्हाई." त्या थांबल्या. "एक येगळी हाय. नात माजी, दुर्गी, पाचवीत हुती. साळंचा पयलाच सोमवार. खाणीच्या डबक्यावरनं पानी आणायला माणूस पायजे म्हनून तिचं नाव काढलं आन तसंच हितं खिडकीवर आले. तुमी इचारलं, काय लिवू? मी म्हटलं, तोटी हाय, पानी न्हाई, पोर पान्याला जाती, साळा सुटली. तीन वर्सं झाली."

आण्णांनी स्वतःच कॅलेंडरचा हिशेब लावला. "म्हणजे दोन हजार एकचा जून. शाळा सुरू झाल्यानंतरचा पहिला सोमवार. अठरा. विचारा."

जुन्या पद्धतीने हे उत्तर पुढच्या शुक्रवारी मिळालं असतं. मॅडमनी एक ओळ टाईप केली. 'तक्रारी, वॉर्ड अकरा, अठरा जून दोन हजार एक.' प्रिंटर चालू झाला आणि एकदाच कर्र करून थांबला.

मॅडमनी कागद फाडला. वाचायला गेल्या आणि वाचवेना. ते वाक्य त्यांनीच टाईप केलेलं होतं. त्यांनी कागद आण्णांकडे नेऊन दिला. आण्णा मोठ्याने वाचू लागले.

"'तोटी आहे, पाणी नाही. पोर पाण्याला जाते, शाळा सुटली.'"

त्यांनी कागद लोंढ्यांसमोर धरला.

"लोंढे," आण्णा म्हणाले, "हे खांबेट्यांनी सरावासाठी लिहिलं असेल असं म्हणायचंय?"

लोंढे बसले. वॉर्ड सातच्या नगरसेविका उठून म्हणाल्या, जलवाहिनी वॉर्ड अकराला द्यावी अशी सूचना मांडते. कोणी तरी अनुमोदन दिलं. हात वर झाले. वॉर्ड तीनच्या सदस्यांचाही झाला; त्यांच्याकडे बघत बसलेल्या चार बायका मागच्या बाकावर होत्या.

सभा संपल्यावर यल्लूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी आभार ऐकायच्या तयारीत होतो, हे कबूल करतो.

"ती वळ तुमी लिवली हुती?"

"हो."

"आन ठावं नव्हतं?"

"नव्हतं."

"ठावं करून घ्यायला किती येळ लागला आस्ता?"

मी खोटं बोलू शकलो असतो. महिनाभर खपलो वगैरे सांगता आलं असतं.

"एक ओळ लिहायला लागतो तेवढा," मी म्हणालो.

त्या पाटी उचलून निघून गेल्या.

*

मला दोन कागद मिळाले. एकाने माझी बदली कोंडवाड्यावर झाली, जिथे गावातली मोकाट जनावरं आणून बांधतात. दुसऱ्याने पळीच्या वापराला मनाई झाली, कारण 'तिच्यामुळे कोणीही काहीही विचारू शकतो.' माझ्या कामाचं इतकं नेमकं कौतुक आजवर कोणी केलेलं नाही. तो कागद अत्तार मॅडमनी खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि त्याच्याखाली बसून पळी वापरत राहिल्या. चौकशी लागली, एक वेतनवाढ गेली, चौकशी संपली.

जलवाहिनीला आठ महिने लागले. ती पूर्ण झाल्याचं मला कोणी कळवलं नाही. एका सकाळी कोंडवाड्याच्या फाटकाशी यल्लूबाई आल्या. त्यांची शेळी आदल्या दिवशी ठोसर साहेबांच्या बागेत शिरली म्हणून पकडून आणली होती.

"शेळी द्या माजी."

"घेऊन जा. तिची नोंद केलेली नाही." नोंदी दिसू न देण्याचा माझा अनुभव दांडगा होता; तो या शेळीच्या कामी आला.

त्यांनी दावं सोडलं. मग जायच्या ऐवजी फाटकाला टेकल्या.

"पानी आलं," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"म्हैना झाला. साडेतीनला येतंय, पाटंचं. ही काय येळ हाय? आत्ताच टाकून आले तक्रार. बाईला म्हटलं, ती पेटी फिरव हिकडं, माज्या डोळ्यानं बघू दे."

"दिसली?"

"दिसली. अकराम्होरं येकच. माजी."

"आणि दुर्गा?"

"जाती की साळंत. फिरून पाचवीतच बसवलीया." शेळीने माझा हजेरीपट खायला सुरुवात केली होती, यल्लूबाईंनी दावं ओढलं. "चौदा वर्साची पोर. बाकात मावत न्हाई. बाकीची बारकी पोरं हसत्यात. ती म्हंती, हसू देत, मी न्हाई उठायची. पर ह्याची तक्रार कंच्या खिडकीवर टाकायची, तेवढं सांगा."

अशी खिडकी नगरपरिषदेत नव्हती. मी सगळे विभाग मनातल्या मनात फिरून आलो.

"माझ्याकडे टाका," मी म्हणालो.

त्यांनी शेळीचं दावं हाताला गुंडाळलं. मग टाकली. अगदी पहिल्या वर्षापासून, एकेक सोमवार सांगत, शेळी धरून.

मी निवृत्त होऊन आता चार वर्षं झाली. ती अजून प्रलंबित आहे.